चाकावरचे सात डबे

चांगो भोईरला धामणपाड्यात सगळे हवालदार म्हणत, आणि चांगो कुणाचं तोंड धरत नसे.

तेरा वर्षं तो मुंबईत पोलिसांच्या कुत्र्यांच्या तळावर होता, एवढं अगदी खरं. पण तिथे तो स्वयंपाकी होता. सकाळी अकरा कुत्र्यांचा भात, संध्याकाळी अकरा कुत्र्यांचं मटण, आणि मधल्या वेळात भांडी. सुट्टीवर गावी आला की लोक विचारत, "काय करतोस रं तिथं?"

"कुत्र्यांकडं असतो."

"चावत नाय?"

"मला? माझ्या शब्दाबाहेर नायत."

हेही खरंच होतं. जेवायला घालणाऱ्याच्या शब्दाबाहेर कोण असतं? खोटं असं चांगो कधी बोललाच नाही. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं. आणि खऱ्याचं असं असतं की ते पहिल्या दिवशी सांगितलं तर पिसासारखं हलकं असतं. तेरा वर्षं ठेवलं तर त्याचा वरवंटा होतो.

त्र्याहत्तर साली चांगो नोकरी सोडून कायमचा गावी आला. धामणपाडा चौक गावाच्या अलीकडे, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. घरी म्हातारी आई येसूबाई, बायको सोनुबाई आणि लग्नाला आलेली मुलगी जना. आल्या आल्या चांगोने दोन नियम केले. एक, आपण चुलीकडे फिरकायचं नाही. नाहीतर हाताची सवय उघडी पडायची. तरी ओटीवर बसल्या बसल्या तोंडातून निघून जाई, "भात खाली लागतोय गं, दोन निखारे वडून घे." सोनुबाई झाकण काढून बघे तर खरंच लागत असे. पोलिसाचं नाक हो, म्हणून ती कौतुकाने मान हलवी.

दुसरा नियम मशेरीचा. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजायची, कुटायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावत बसायची, हा आमच्याकडच्या बायकांचा जुना नाद. "पोलिसाच्या घरात मशेरी चालायची नाय," चांगो म्हणाला. येसूबाई म्हणाली, "तुझा कायदा तुझ्या मुंबईला ठेव," आणि बोट डबीत घालून पुन्हा दात घासायला लागली. सोनुबाईने मात्र तुळशीला हात लावून मशेरी सोडली. गंमत अशी की तेव्हापासून येसूबाईची डबी दुप्पट वेगाने रिकामी होऊ लागली.

"उंदरांना मशेरीची चटक लागलीय," येसूबाई म्हणाली, आणि तिने डबीशेजारी पिंजरा लावला. त्यात उंदीर काही सापडला नाही.

त्या मार्गशीर्षात भात झोडून झालं आणि खळ्यावर राशीची पूजा झाली. भाताच्या राशीला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि घरच्या लक्ष्मीने त्या दिवशी नटून यायचं. सोनुबाईने नाकात सासूची मोत्यांची नथ घातली होती. भोईरांच्या घरातली प्रत्येक सून आणि प्रत्येक लेक ती नथ घालूनच बोहल्यावर उभी राहिली होती. आता पाळी जनाची होती. लग्न वीस दिवसांवर आलं होतं.

पूजा झाली, माणसं जेवली, पेंढ्याचे भारे रचून खळ्याभोवती तीन उडव्या उभ्या राहिल्या, एकेक घराएवढी. आणि दुपार कलल्यावर सोनुबाई नाकाला हात लावून मटकन खाली बसली.

"अवो, माजी नथ!"

खळं झाडलं, सारवण खरवडलं, रास तीन वेळा सुपाने पाखडली. नथ नाही.

"पेंढ्यात गेली असंल," सोनुबाई म्हणाली. ते म्हणताना ती चांगोकडे न बघता कोंबडीकडे बघत होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक उडवी उलगडली. भारा न भारा सोडून झटकला. पुन्हा बांधून रचायला चार माणसांचे पाच दिवस गेले. तोवर गडी वीटभट्ट्यांवर निघून गेले होते, आणि दोन उडव्या तशाच उभ्या होत्या. लग्नाला उरले पंधरा दिवस.

तेव्हा शेजारचा हिरू, ज्याला दुसऱ्याच्या घरातली अडचण गुळासारखी गोड लागे, तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "काय हवालदार, मुंबईचं चोर शोधलंस ना रं कुत्र्यांकडून? मग घरची नथ शोधाया काय झालं?"

सोनुबाईने मोठ्या आशेने नवऱ्याकडे बघितलं. जनाने बघितलं. येसूबाईने तोंडातलं बोट काढून बघितलं. चांगोच्या घशाशी आलं होतं, सांगून टाकू. पण जना म्हणाली, "बाबा, तुमी शोधालच," आणि आलेलं पुन्हा पोटात गेलं.

"शोधतो की," तो म्हणाला. "कुत्रं पायजे फक्त."

कुत्रं मिळायला वेळ लागला नाही. चौकच्या एका ढाब्यामागे एक लालसर, एक कान दुमडलेलं कुत्रं उष्ट्यावर जगत होतं. चांगोने त्याला भाकरी दाखवत घरी आणलं आणि मुंबईच्या थाटात नाव ठेवलं, कॅप्टन. कुत्र्याला हे नाव कळेना. "कॅप्टन! कॅप्टन!" म्हणून चांगोचा घसा बसला, कुत्रं आपलं पिसवा खाजवत पडून. मग ते चुलीजवळ गेलं तेव्हा येसूबाई ओरडली, "हाड्!" त्याबरोबर कुत्रं शेपूट हलवत धावत तिच्या पायाशी आलं. जन्मल्यापासून सगळी माणसं त्याला बघून हाच एक शब्द म्हणत आली होती. आपलं नाव हाड् आहे, याबद्दल त्याला कसलीच शंका नव्हती.

आता सामान. मुंबईच्या तळावर कुत्र्यांना वास शिकवायची साधनं होती, हे चांगोला माहीत होतं. पण ती त्याने पाहिली होती स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि ती खिडकी धूर जाण्यासाठी छताजवळ केलेली. लाकडी खोक्यावर उभं राहिलं की त्याला मैदानातल्या माणसांची डोकी आणि खांदे तेवढे दिसत. कुत्र्यांना शिकवणारे मास्तर आले की त्यांचं डोकं तीनदा खाली-वर होई. मग "स्मेल!" असा आवाज. मग मास्तर वाकत आणि दिसेनासे होत. थोड्या वेळाने दोन हात वर येत आणि बारीक आवाजात ऐकू येई, "शाब्बास बेटा, शाब्बास!" मधल्या वेळात खिडकीच्या खाली काय घडतं, ते चांगोला तेरा वर्षं कळलं नव्हतं. एवढं मात्र माहीत होतं की एक आडवं फिरणारं चाक असतं आणि त्याच्यावर डबे असतात, कारण ते मोडलं तेव्हा स्वयंपाकघरासमोरून उचलून नेलं होतं.

चाक हवं तर चाक. गोठ्यामागे बैलगाडीचं एक जुनं चाक पडलं होतं. अंगणातल्या दगडी उखळात चांगोने मुसळ उभं केलं, भोवती पाचरी ठोकल्या आणि चाक मधल्या भोकातून मुसळावर आडवं सरकवलं. करंजाचं तेल घातल्यावर ते झकास फिरायला लागलं.

"अगं बाई, माजं उखळ!" येसूबाई म्हणाली. "आता लग्नाची हळद कुठं कांडायची?"

"आई, आता उखळात डोकं घातलंय. मुसळाला भिऊन कसं चालंल?"

"डोकं घातलंस कुठं? चाक घातलंयस!"

चाकावर सुंभाने सात डबे बांधले. डालड्याचे रिकामे डबे, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. एका डब्यात सोन्याची वस्तू ठेवायची, सहा रिकामे. कुत्र्याने हुंगत हुंगत सोन्याच्या डब्यासमोर येऊन बसायचं. मग त्याला सोन्याचा वास पक्का झाला की उडव्यांवर सोडायचं. बेत सोपा होता. सोनं मात्र घरात उरलं होतं येसूबाईच्या नाकातल्या फुलीएवढंच.

"घे बाबा," येसूबाई म्हणाली आणि तिने फुली काढून हातात घेतली. "पन मीच ठेवनार डब्यात. तुज्या हाती द्यायची नाय. एक नथ गेली तेवढी बास."

"ते बरंच," चांगो म्हणाला. "मी ठेवली तर कुत्रं माज्याकडं बघून वळखंल."

पहिल्या दिवशी कॅप्टनने सातही डबे चाटले. डालडा पत्र्यात मुरलेला असतो. माणसाला डबा रिकामा दिसतो, कुत्र्याला तो मेजवानीचा हंडा वाटतो. सातव्या डब्याचं झाकण पडलं आणि त्याचं डोकं आत अडकलं. मग ते डबा घालूनच अंगणभर धावलं, तुळशीला धडकलं, हिरूच्या कुंपणातून आरपार गेलं, आणि हिरू वांग्याच्या वाफ्यात बसला होता तिथे त्याच्या पाठीवर थडकलं.

"हवालदार! तुजं कुत्रं हेल्मेट घालून आलंय!"

चांगोने डबे सोडवले, राखेने घासले, उकळत्या पाण्यात घातले, पुन्हा घासले. असे लख्ख की त्यात तोंड दिसावं. कुंपणापलीकडून हिरूची बायको म्हणाली, "पोलिसात भांडी लय सुरेख घासाया शिकवत्यात गं बाई." चांगोने ऐकलं नाही असं दाखवलं. पण तेव्हापासून दर खेपेला सातही डबे घासून, उकळून, उन्हात वाळवायचे हा नियमच झाला. तेरा वर्षांचे हात होते ते, त्यांना दुसरं सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धडा सुरू झाला. कुत्रं गोठ्यामागे बांधायचं. येसूबाई तोंडातलं बोट काढून, पदराला पुसल्यासारखं करून, फुली एखाद्या डब्यात ठेवायची. जना चाक गरकन फिरवायची. मग चांगो कुत्रं घेऊन यायचा, तीन पावलं खाली-वर होत लंगडायचा, आणि ओरडायचा, "स्मेल!"

"तुमी लंगडता का?" सोनुबाईने विचारलं.

"तशी पद्धत हाय. मास्तर असंच करायचे."

कॅप्टनने चांगोच्या लंगडण्याकडे कुतूहलाने बघितलं, चाकावर उडी मारली आणि आरामात बसला. चाक फिरतच होतं. अंगणाच्या मधोमध कॅप्टन देवळातल्या मूर्तीसारखा गोल गोल फिरत राहिला. तिसरा दिवस तसाच. चौथ्या दिवशी तर तो चाक दिसलं की आपणहून चढून बसे आणि फिरवा म्हणून भुंके.

चांगो ओटीवर डोकं धरून बसला. समोर सोनुबाई सुके बोंबील निवडत होती. त्यातला एक पडला आणि तो उचलायला कॅप्टन असा धावला, की चांगोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तळावर मास्तर रोज सकाळी त्याच्याकडून वाटीभर उकडलेली कलेजी मागून नेत. तेरा वर्षं चांगोला वाटत होतं, मास्तरांना कलेजी फार आवडते. थंडीच्या दिवसांत तो प्रेमाने त्यात मिरपूड घाले, आणि त्या दिवशी मास्तर तणतणत येत, तेही आता उलगडलं.

"खिडकीखाली ते होतं व्हय!" तो ओरडला.

"कुठल्या खिडकीखाली?" सोनुबाई म्हणाली.

"काय नाय. बोंबील आण."

वास शिकवायची सगळी विद्या एवढीच आहे. बरोबर जागी नाक लागलं की लगेच खाऊ, चुकीच्या जागी लागलं तर काही नाही. रागवायचं नाही, मारायचं नाही, घाई करायची नाही. आणि नाक तर कुत्र्याकडे असतंच. आपण घरात पाऊल टाकतो तेव्हा आपल्याला आमटीचा वास येतो. कुत्र्याला त्या आमटीतली चिंच वेगळी येते, मोहरी वेगळी, आणि पळी धुतली होती का नाही तेही वेगळं कळतं.

बोंबलाने चमत्कार केला. सहाव्या दिवशी कॅप्टन सातातल्या तीन वेळा बरोबर डब्यासमोर बसला. आठव्या दिवशी सहा वेळा. दहाव्या दिवशी चाक कितीही फिरवा, फुली कुठल्याही डब्यात घाला, कॅप्टन नाक लावत लावत जाई आणि नेमक्या डब्यासमोर थाटात बसे. मास्तरांसारखे दोन्ही हात वर करून चांगो बारीक आवाजात ओरडे, "शाब्बास बेटा, शाब्बास!" एकच खोड राहिली होती. मधेच तो सगळं सोडून येसूबाईसमोर जाऊन बसे.

"म्हातारीचा लळा लागलाय त्याला," सोनुबाई म्हणाली.

"कामाजवळ बस रं, आजीजवळ नको," चांगो त्याला समजावी.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा उडव्यांवर कुत्रं सोडायचं ठरलं. चांगोला गुपचूप करायचं होतं, पण हिरूला कुंपण होतं आणि हिरूच्या तोंडाला ते नव्हतं. सकाळी नऊला खळ्यावर अख्खा गाव जमला. सरपंच कान्हा पाटील खुर्ची घेऊन आले, शेजारी त्यांच्या पत्नी इंदूबाई. या दोघांनी दोन ऑक्टोबरला देवळासमोर भाषण करून गावाला मशेरी सोडायला लावली होती आणि घरोघरी कडुनिंबाच्या काड्या वाटल्या होत्या.

चांगो तीन पावलं लंगडला. गर्दीने कौतुकाने माना डोलावल्या.

"स्मेल!" तो ओरडला. कॅप्टन हलला नाही. चांगो हळूच म्हणाला, "हाड्." कॅप्टन बाणासारखा सुटला.

तो उडवीकडे गेलाच नाही. गर्दीकडे आला आणि येसूबाईसमोर बसला. "ती घरचीच हाय, तिला सोडा," चांगो हसून म्हणाला. मग कॅप्टन उठला, नाक वर करून दोन वळणं घेतली आणि सरळ जाऊन इंदूबाईसमोर बसला. ताठ, कान उभा, म्हणजे जो उभा राहायचा तो.

पुढे उभे असलेले मागच्यांना काय झालं ते सांगायला लागले.

"म्हंजे," हिरू हळूच म्हणाला, "नथ यांच्याकडं?"

"हाड्!" इंदूबाई किंचाळल्या. कॅप्टन आनंदाने दोन पावलं पुढे सरकला. "हाड्! हाड्!" कॅप्टनने पुढचे दोन्ही पाय त्यांच्या लुगड्यावर ठेवले. आजवर एवढ्या प्रेमाने, एवढ्या वेळा त्याला कुणी हाक मारली नव्हती.

मग तो पुढे गेला. हिरूच्या बायकोसमोर बसला. तिच्या जावेसमोर बसला. देवळाशेजारच्या चिमासमोर बसला. दर वेळी "हाड्!" दर वेळी जवळीक, आणि दर वेळी तो मान वळवून चांगोकडे बघे, बोंबील कुठाय? आठ बायका झाल्या. नववी सोनुबाई. आणि मग कॅप्टन खुर्चीपाशी आला आणि दस्तुरखुद्द सरपंचांसमोर बसला.

"चांगो!" सरपंच उठले. "तुझं कुत्रं गावाला चोर म्हनतंय!"

"माज्या लग्नात मी नथ आणली होती चार मोत्यांची," हिरूची बायको कडाडली, "तुज्या नथीला कोन हात लावतंय रं? चला गं! यांच्या हळदीला कोन जातंय बगू! यांची जना आपली हळद आपन कांडंल, आपलं गानं आपन म्हनंल!"

"कांडंल कशात? उखळात चाक हाय!" कुणीतरी म्हणालं.

बायका पदर खोचून निघाल्या. जनाच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांवर लग्न. नथ नव्हतीच, आता हळद कांडायला, गाणी म्हणायला, नवरीला न्हाऊ घालायला बायकाही नव्हत्या. चांगोने लेकीकडे बघितलं. पोटातला तेरा वर्षांचा वरवंटा सरकला.

"थांबा!" तो ओरडला. "कुनीबी चोर नाय. कुत्र्याला काय येत नाय, कारन मलाच काय येत नाय. मी कुत्र्यांचा मास्तर नव्हतोच. मी सैपाकी होतो. तेरा वरसं कुत्र्यांचा भात शिजवला आन् भांडी घासली."

गर्दी जागच्या जागी उभी राहिली.

"आन् ते लंगडनं?" हिरूने विचारलं.

"मास्तर लंगडायचे. आत्ता वाटतंय, त्यांना कुत्रंच चावलं असंल."

पहिली हसली ती येसूबाई. बोळकं तोंड उघडून, गुडघ्यावर थापा मारत. "म्हनून रं मेल्या, माज्या भाताला नावं ठेवतोस! मी म्हनलं पोलिसाला भातातलं एवढं कसं कळतंय!" मग सगळं खळं हसलं. इंदूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"ते ठीक आहे," सरपंच म्हणाले. ते भाषणातलं मराठी बोलायला लागले होते. "परंतु हे जनावर नेमकं आम्हां दहा जणांसमोरच का बसलं? हिरूसमोर का नाही?"

हा प्रश्न मात्र खरा होता. चांगोने जनाला डबे आणायला पाठवलं. सकाळच्या सरावातला, फुली ठेवलेला आणि अजून न घासलेला डबा त्याने नाकाशी धरला. डोळे मिटले. तो मास्तर नसेल, पण अकरा कुत्र्यांच्या भातातला एक करपलेला दाणा वासावर ओळखणारा माणूस होता. त्याने एक हुंगलं, दोन हुंगलं. मग रिकामा ठेवलेला डबा हुंगला. पुन्हा पहिला.

"सोन्याला कसला आलाय वास," तो म्हणाला. "आई, हात बगू."

येसूबाईने हात पुढे केला. पहिलं बोट पेरापर्यंत काळं.

"मशेरी," चांगो म्हणाला. "रोज या बोटानं फुली ठेवली. मी डबे घासून घासून बाकीचा समदा वास काढला आन् ह्यो एकच शिल्लक ऱ्हायला. आमच्या घरात येक दिसाआड तव्यावर भाजतात. आमाला वासच येत नाय तिचा. घरातल्या मानसाला घरातला वास कुठं येतोय! कुत्र्याचं काय चुकलं नाय. त्याला मी मशेरी शिकवली, त्यानं मशेरी दाखवली."

सगळ्यांच्या माना एकदम सरपंचांकडे वळल्या. मग इंदूबाईंकडे. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कडुनिंबाच्या काडीवर," सरपंच खाली बघत म्हणाले, "थोडी लावल्याशिवाय ती जरा कडू लागते."

खळं पुन्हा हसलं. आणि त्या हशात चांगोला आठवलं की नववी कोण होती. तो हळूच वळला.

"सोनू. तू तुळशीला हात लावला होतास."

सोनुबाई पुन्हा कोंबडीकडे बघायला लागली. कोंबडीही निघून गेली तेव्हा तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुमी तेरा वरसं बोलला नाय, मी सा महिनं बोलली नाय. फिटंफाट करा."

"आन् मी उंदरांना पिंजरा लावलाय!" येसूबाई म्हणाली.

"नथीचं खरं सांगू का?" सोनुबाई एका दमात बोलायला लागली. "पूजेनंतर भाऱ्यांमागं बसून जरा लावत होते. नथीत बोट अडकतं म्हनून नथ काढली आन् माज्या लपवलेल्या डबीत ठेवली. तेवढ्यात तुमी आलात. मी डबी एका भाऱ्यात खुपसली. परत येऊन बघते तर गड्यांनी भारे समदे उडवीवर चढवलेले. कसं सांगू, नथ मशेरीच्या डबीत हाय म्हनून?"

चांगो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टन बोंबलाची वाट बघत होता.

"मशेरीच्या डबीत?" चांगो म्हणाला. "अगं, मग हे कुत्रं अगदी बरोबर शिकलंय!"

आता फक्त एक अडचण होती. मशेरी लावणाऱ्या माणसांचा वास उडव्यांपेक्षा जवळ होता. चांगोने पदर उडतात कुठे ते बघून वारा ठरवला, आणि येसूबाई, सोनुबाई, आठ बायका आणि सरपंच अशी सगळी वरात, खुर्चीसकट, वारा जातो त्या बाजूला लांब चिंचेखाली पाठवली. जाताना आणखी तीन पुरुष कुणी न सांगता त्यांच्यामागून गेले. खळ्यावर माणसं इतकी थोडी उरली की हिरूला एकटं वाटायला लागलं.

चांगोने कुत्र्याचा दुमडलेला कान कुरवाळला. लंगडला नाही.

"हाड्," तो प्रेमाने म्हणाला.

कॅप्टन पहिल्या उडवीभोवती फिरला. काही नाही. दुसऱ्या उडवीशी गेला, नाक वर केलं, मागचे दोन पाय पेंढ्यात रोवून छातीएवढ्या उंचीवर नाक खुपसलं, मग खाली उतरून ताठ बसला. चांगोने तिथला भारा ओढला, शेजारचा ओढला. तिसरा ओढताच पितळेची डबी टणकन दगडावर पडली, झाकण उडालं, आणि काळ्या भुकटीतून नथीचा एक एक मोती वर दिसला.

चिंचेखालून पहिली आरोळी येसूबाईची आली, "सापडली का रं?" आणि दुसरी इंदूबाईंची, "आता आमी येऊ का?"

नथ रिठ्याच्या पाण्यात चार वेळा धुतली. चाक उतरवलं, उखळ मोकळं झालं, आणि त्याच आठ बायकांनी हळद कांडली, गाणीही म्हटली. एका गाण्यात त्यांनी चांगोला नाव घेऊन भात शिजवायला लावलं. लग्नाच्या दिवशी चांगोने खरंच धोतर खोचून मांडवामागे चुलाण पेटवलं. पाचशे माणसांचा भात, वालाचं बिरडं, वर वडे. एक दाणा खाली लागला नाही. जेवून उठणारी माणसं विचारत होती, "सैपाकी कुठला आनला?" आणि हिरू मोठ्या अभिमानाने सांगत होता, "मुंबईचा. पोलिसांचा."

पण रिठ्याने मोती धुतले जातात, मोत्यांमधल्या तारेच्या वेढ्यांत अडकलेली मशेरी धुतली जात नाही. अंतरपाटाआड जना नथ घालून उभी राहिली, भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं, आणि "शुभमंगल" म्हणता म्हणता नवरी शिंकली. त्याबरोबर मांडवाच्या कोपऱ्यातून एक लालसर कुत्रं उठलं, वऱ्हाडाच्या पायांमधून वाट काढत आलं आणि नवरीसमोर ताठ बसलं.

"हाड्!" भटजी ओरडले.

कॅप्टन खुशीत त्यांच्या आणखी जवळ सरकला. सगळा मांडव एका सुरात ओरडला, "भटजी, तसं म्हनू नका!" आणि मागून चांगो हातातला झारा टाकून, दुसऱ्या हातात बोंबील घेऊन, अक्षता अंगावर झेलत धावत आला.